कोटाच्या उशीला चार

सोमवार, ४ मार्च

आज यादी लागली. जिन्याजवळच्या फलकावर, कँटीनच्या वेळापत्रकाशेजारी. वर जाणाऱ्या चौघांची नावं, खाली शिक्का. तिसरं नाव आमच्या स्वारीचं. 'आमच्या' म्हणायची सवय अजून जात नाही. कोर्टाने आठ वर्षांपूर्वी जे सोडवलं ते जिभेपर्यंत अजून पोचलेलं नाही. तर स्वारी आता खरोखरच स्वारीवर निघाली. सहा महिने यान पृथ्वीभोवती घिरट्या घालणार आणि हा त्यात तरंगणार.

मी इथे भांडारात कारकून आहे, पण अधूनमधून मला तिसऱ्या मजल्यावर बोलावतात, कारण मी गंध-समितीत आहे. आम्ही पाच नाकं. यानाच्या आत जाणारी प्रत्येक वस्तू, मग ती पेनाचं टोपण असो की बुटाची नाडी, आधी बंद भांड्यात ऊब देऊन ठेवतात. मग भांड्यातली हवा सिरिंजने ओढून मुखवट्यातून आमच्या नाकात सोडतात आणि आम्ही आकडा द्यायचा. शून्य म्हणजे काहीच वास नाही. चार म्हणजे उठून पळावं असा. पाचांची सरासरी अडीचच्या वर गेली की वस्तू खालीच राहते. वर खिडकी उघडता येत नाही, एवढं साधं कारण आहे.

म्हणजे स्वारीचं सामान माझ्या नाकापुढे येणार.

त्याला मी वासावरच पकडलं होतं. आमच्या घरात कधी आला नाही अशा साबणाचा वास त्याच्या मानेला यायचा. विचारलं तर सगळ्या नातेवाइकांच्या पंगतीत म्हणाला, "हिला कशालाही वास येतो. उद्या चंद्रालाही वास येतो म्हणेल." सगळे हसले. माझी सख्खी बहीणसुद्धा हसली. घर सोडताना म्हणाला, "तुझ्याजवळ माझा श्वास कोंडतो." वर्षाच्या आत साबणवालीशी लग्न केलं. तेव्हा एकही माणूस दारात येऊन म्हणाला नाही की बाई, तुझं नाक खरं होतं.

आता बघते कोणाचा श्वास कुठे कोंडतो ते.

गुरुवार, ७ मार्च

आज पहिली खेप. सुरुवातीला नेहमीची बाटल्यांची परीक्षा. बाटलीवाला (त्याच्या हुद्द्याचं नाव लांबलचक आहे, आम्ही बाटलीवालाच म्हणतो) एकेक बाटली नाकाखाली धरतो, काहींत वास असतो, काहींत नुसतं पाणी. ज्याचं नाक चुकलं तो त्या दिवशी घरी. हल्ली बाटल्या फार पातळ झाल्यात. मी त्याला म्हटलंही, "अर्क घालता की नुसतं अर्काचं नाव घेता?" तो म्हणाला, "सगळं मापातच आहे, बाई." असेल. मी तरी एकही चुकले नाही. घाई करत नाही, त्याच्या तोंडाकडे शांतपणे बघत उत्तर देते. सडक्या कांद्याची बाटली आली की बिचाऱ्याच्या भुवया अजून वर जातात. इतकी वर्षं झाली तरी सरावला नाही.

नाक आता ठीक आहे. मागच्या महिन्यात कसल्याशा डिंकाचा नमुना आला होता, विषारी नाही असा दाखला लावलेला. पहिली मीच होते. एका हुंगण्यात डोळ्यांतून धारा लागल्या. मी चार दिले आणि बाकीच्यांना थांबवलं. नंतर दोन आठवडे नाकात सुया टोचत होत्या. डॉक्टरांनी सर्दी म्हणून गोळ्या दिल्या. आता टोचणं अगदी बंद आहे, म्हणजे बरी झाले.

स्वारीचं दाढीचं यंत्र आलं. चार दिले. बूट आले. चार दिले. बाकीच्यांनी एक, एक, अर्धा, एक असे दिले आणि दोन्ही वस्तू पास. समितीतले मास्तर, निवृत्त गाणं शिकवणारे, चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. एकटीने चार देऊन काही होत नाही हे मला आधीच सुचायला हवं होतं. चिडचिड होऊन घरी आले.

घरी दूध करपलेलं. सासूबाई आतून ओरडल्या, "अगं, तू तिथेच उभी आहेस ना?" मी भाजी चिरत होते, शेगडीपासून हातभर अंतरावर. रागात माणसाला कसलं भान राहतं.

सासूबाईंबद्दल इथे लिहून ठेवते, कारण लोक विचारतात. मुलगा गेला तेव्हा त्या त्याच्याबरोबर गेल्या नाहीत. "माझी भांडी इथे आहेत," एवढंच म्हणाल्या. नवरा माजी होतो, पण माजी सासूबाई असा शब्दच नाही. मी अजून त्यांना आई म्हणते.

सोमवार, ११ मार्च

स्वारीचा फोन आला. मला नाही, आईला. वाढदिवसाशिवाय फोन म्हणून त्यांना आधी वाटलं कोणी गेलं. त्याला वर न्यायला वडिलांची काहीतरी आठवण हवी आहे. प्रत्येकाला एक छोटी घरची वस्तू चालते म्हणे. सासऱ्यांचा तो राखाडी लोकरी कोट आहे ना, त्याच्या कापडाची एक लहानशी उशी शिवून दे, असं म्हणाला. आठ वर्षांत आईला काय हवंय हे विचारलं नाही आणि आता बापाचा कोट मागतोय.

सासूबाई फोन ठेवून बराच वेळ पडद्याची कड चुरगाळत बसल्या. मग म्हणाल्या, "तुमच्याकडे त्या उशीचीही परीक्षा होते का?"

"होते."

"आणि नापास झाली तर?"

"तर राहते इथेच."

"असं का," म्हणाल्या आणि सुईत दोरा ओवायला चष्मा शोधायला लागल्या.

मला त्यांची दया आली, नाही असं नाही. स्वतःच्या हाताने शिवलेली उशी परत येईल तेव्हा वाईट वाटेल. पण माझा इलाज नाही. त्याला हवी असलेली एकच गोष्ट माझ्या हातून जाणार आहे, आणि ती मी जाऊ देणार नाही.

शुक्रवार, १५ मार्च

जाळीवाले साहेब समितीला भेटायला आले होते. यानातली हवा गाळणाऱ्या सगळ्या जाळ्या आणि कोळसा यांच्या ताब्यात. मोठा रंगून बोलतो माणूस. म्हणाला, चौघं वर श्वास सोडणार, घाम सोडणार, आणखीही काय काय सोडणार. सगळे हसले. तेच सगळं गाळून पुन्हा त्यांच्याच नाकात घालायचं, दुसरी हवा आणायची कुठून. कोळसा वास शोषतो, पण त्याचंही पोट भरतं. भरलं की नवा कोळसा वर पाठवायचा, आणि जेवढा कोळसा चढवला तेवढं पाणी किंवा जेवण खाली उतरवायचं. एक वासाची वस्तू आत शिरली तर सहा महिने कोळसा तिचीच सेवा करतो.

शेवटी म्हणाला, "तुम्ही इथे अडवता म्हणून वर भागतं. खरं सांगू, तुमची नाकं आम्हाला कोळशापेक्षा स्वस्त पडतात." पुन्हा सगळे हसले, मीही हसले. त्या डिंकाचं काय झालं, असं मी विचारलं. तो म्हणाला, "तो कधीच बाद. तुमचीच कृपा." बरं वाटलं ऐकून.

बुधवार, २० मार्च

उशी तयार झाली. तळहातापेक्षा थोडी मोठी, आत कोटाचंच अस्तर कोंबलेलं, चारी बाजूंनी बारीक टाके. सासूबाईंनी ट्रंक उघडली तेव्हापासून त्या सारख्या शिंकत होत्या. म्हातारपणी धूळ सोसत नाही. माझ्या हातात उशी देताना त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या, मी काहीतरी बोलावं अशा. मी म्हटलं, "टाके छान आलेत, आई." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. नवऱ्याचा कोट कापावा लागला, साहजिक आहे.

टॅक्सीत बसले तर ड्रायव्हरने एवढ्या गार वाऱ्यात चारही काचा खाली केल्या. मी म्हटलं, "अहो, थंडी आहे." तो म्हणाला, "मॅडम, तुमच्या पिशवीत काय आहे?" मी म्हटलं, उशी. त्याने आरशातून माझ्याकडे असं बघितलं की मी वेडीच. हल्ली रस्त्यावर कोण कसं बोलेल सांगता येत नाही.

वाटेत मी उशी नाकाशी धरून खोल श्वास घेतला. काही नाही. इतक्या वर्षांचा कोट, पण धुतलेल्या काचेसारखा. माझं दैवच असं. जिथे वास हवा तिथे नेमका नाही. बाटलीभर फिनेल ओतावं असं मनात आलं होतं, पण दारातल्या नोंदीवर उशी आणणारी म्हणून माझीच सही असणार. आता एकच मार्ग. बाकीच्या चौघांना पटवायचं. मुखवटा काढताना तोंड वाकडं करायचं, जरा खोकायचं. नाकं एकमेकांना घाबरतात, हे मी इतक्या वर्षांत पाहिलंय. एकाने नाक मुरडलं की दुसऱ्यालाही कुठेतरी काहीतरी सापडतं.

सोमवार, २५ मार्च

झालं.

बाटल्यांत पास झाले. मग भांडं आलं. पहिली मीच. सिरिंज दाबली, मी श्वास घेतला, आत साधी हवा. मी मुखवटा ओरबाडून काढला, खोकले, पदर नाकाशी नेला. कागदावर चार लिहिले आणि वासाचं वर्णन म्हणून 'कुबट, ओल्या कापडासारखा' असं ठोकून दिलं. चंद्राला वास येतो म्हणेल असं म्हणाला होता ना, घे म्हटलं.

नंतर मास्तर. त्यांनी मुखवटा लावला आणि खुर्चीसकट मागे सरकले. कँटीनवाल्या ताई डोळे पुसत बाहेर गेल्या. उरलेल्या दोघांचीही तीच गत. पाचही जणांनी चार दिले. समितीच्या इतिहासात असं फार क्वचित झालंय.

मला कळेना हसू की रडू. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं, पण त्यांना ठाऊक असणार. इमारतीत कुणाला ठाऊक नाही, तो कोण आणि मी कोण. चौघं एक शब्द न बोलता माझ्या बाजूने उभे राहिले. मास्तर तर काय खुर्ची सरकवून मागे गेले. आयुष्यभर गाणं शिकवलं, पण अभिनय काय केला माणसाने. सख्खी बहीण हसली होती आणि ही परकी माणसं माझ्यासाठी खोटं बोलली. घरी येताना मी रस्त्यात रडले.

सासूबाईंना सांगितलं, नापास झाली. "बरं," म्हणाल्या आणि कुकर लावला. धक्का पचवायला वेळ लागतो.

मंगळवार, २६ मार्च

केक घेऊन गेले. चौघांनाही दिला. "कशाबद्दल?" म्हणाले. मी म्हटलं, "कालच्याबद्दल. मी विसरणार नाही." कँटीनवाल्या ताई म्हणाल्या, "काल काय केलं आम्ही? माझं अजून डोकं दुखतंय." मी म्हटलं, आता नाटक पुरे. त्यावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

मास्तर म्हणाले, "नाटक कसलं? अहो, डांबरगोळ्या होत्या त्या. मेलेलं माणूस उठून बसेल. पण तुमचं मात्र मानलं हं. आम्ही चौघांनी डांबरगोळी लिहिलं, तुम्ही एकट्याच त्याच्या खालचा कुबट वास पकडलात. याला म्हणतात मुरलेलं नाक."

केकचा तुकडा तोंडात होता. व्हॅनिला, असं डब्यावर लिहिलेलं.

अर्धी रजा टाकून घरी आले. सासूबाई शेजारी गेल्या होत्या. कॉटखालची ट्रंक ओढली. कोपऱ्यात पांढऱ्या गोळ्या, एक-दोन नव्हे, मूठभर. लग्न होऊन आले तेव्हा या घरातून डांबरगोळ्या मीच हद्दपार केल्या होत्या, मला दुसऱ्या खोलीतूनही मळमळायचं. एक उचलून नाकाशी धरली. मग दोन्ही नाकपुड्यांना दोन लावल्या. बर्फाचे खडे असावेत तशा. मग स्वयंपाकघरात गेले, लसूण ठेचला, व्हिनेगर उघडलं, काडी ओढून विझवली. काडीच्या टोकाशी धूर दिसत होता.

त्या डिंकापासून. म्हणजे सुया थांबल्या तेव्हा बरी झाले नव्हते. आणि बाटल्यांत मी बाटल्या हुंगत नव्हते, बाटलीवाल्याच्या भुवया वाचत होते.

मी खोटं बोलले आणि ते खरं निघालं. एवढा साधा सूडसुद्धा मला नीट घेता आला नाही.

शुक्रवार, २९ मार्च

स्वारी आली. दारात उभी. मी लग्नात याला अहो म्हणायचे, घटस्फोटानंतर 'अरे'वर आणलं. म्हटलं, "काय रे?"

आईला भेटायला आलोय म्हणाला. सासूबाई देवळात गेल्यात असं मी सांगितलं, खरं तर त्या आत मोरीत कपडे धूत होत्या. नळ बंद झाला, पण बाहेर आल्या नाहीत.

तो बसला. केस गेलेत. म्हणाला, "अहवाल वाचला. पहिला चार तुझा. वाटलं, ही सूड उगवतेय. खाली बाकीचे चार वाचले तेव्हा लाज वाटली. ती गोष्ट वर गेली असती तर चौघांची डोकी फिरली असती. तू मनात आणलं असतंस तर गप्प बसून आम्हाला सहा महिने त्या वासात कोंडून घालू शकली असतीस."

हे मला सुचलंच नव्हतं. वीस वेळा विचार केला आणि हे सुचलं नाही.

मग खाली बघत म्हणाला, "तुझं नाक कधीच खोटं नव्हतं. साबणाचंही खरं होतं. मी सगळ्यांसमोर तुला वेडी ठरवलं. वर जायच्या आधी एकदा म्हणायचं होतं."

आठ वर्षं मी हे वाक्य ऐकायला थांबले होते. ते ऐकताना काय काय करीन हे ठरवून ठेवलं होतं. हसणार होते, दार उघडून बाहेर बोट दाखवणार होते, पुन्हा म्हण, मोठ्याने म्हण, असं सांगणार होते. आणि ते आलं तेव्हा ज्या नाकाची बाजू घेऊन आलं तेच जागेवर नव्हतं. खरं सांगावं तर तो लगेच म्हणेल, म्हणजे तेव्हाही नव्हतंच. गप्प राहावं तर ते कौतुक पावडरसारखं तोंडाला लावून बसायचं. माझा संताप झाला, पण कोणावर करावा ते कळेना.

जाताना उंबऱ्यात थांबून हसला. जुनं हसू. "बोल, माझ्या माफीला किती देतेस? शून्य ते चार."

मी म्हटलं, "मला काहीच वास येत नाही."

मला तेच म्हणायचं होतं, शब्दशः. त्याने मोठा सुस्कारा सोडला. "शून्य. म्हणजे पास," म्हणाला आणि दोन-दोन पायऱ्या ओलांडत जिना उतरून गेला. वरून हाक मारता आली असती. मारली नाही. गेला हलका होऊन. आठ वर्षं जपलेली गोष्ट मी त्याला फुकट देऊन बसले.

मंगळवार, २ एप्रिल

बाटलीवाल्याला म्हटलं, "आज भिंतीकडे तोंड करून उभे राहा आणि बाटली मागे हात करून द्या." तो म्हणाला, "असं का?" मी म्हटलं, "उभे राहा हो." सगळ्या बाटल्यांत पाणी होतं. म्हणजे माझ्यापुरतं.

मीच डॉक्टरांकडे गेले. त्यांनी नळी घालून बघितलं आणि म्हणाले, नस जळलीय, परत येईल असं वाटत नाही. डिंकाचं सांगितलं तर म्हणाले, आधी का नाही आलात. मी म्हटलं, "आले होते. तुम्ही सर्दी म्हणालात." यापुढे समितीत नाव नाही. भांडारात आहे तशीच. जाळीवाले साहेब जिन्यात भेटले, खूप हळहळले. मी म्हटलं, "साहेब, कोळसा महाग असतो, नवं नाक मिळेल." ते हसले नाहीत. बरं झालं, एकालातरी लागलं.

उशीचे चार मात्र मी मागे घेतलेले नाहीत. घेणारही नाही.

शनिवार, २० एप्रिल

आज उड्डाण. टीव्हीसमोर सासूबाई आणि मी. सासूबाईंनी ती उशी कमरेमागे घेतलेली. दोनदा धुवून उन्हात टाकली होती, आता बरी आहे म्हणतात. मला काय कळणार.

यान वर जाताना मी हात घट्ट मिटून बसले होते. वाटलं होतं काहीतरी वाटेल. तोंडातून शेवटी निघालं ते भलतंच. मी म्हटलं, "आई, मी खोटे चार दिले होते. मला त्या उशीला वासच आला नव्हता. मला तो जाऊ द्यायचा नव्हता कोट."

सासूबाईंनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "मी चार गोळ्या कुटून अस्तरात शिवल्या होत्या."

मी वळून त्यांच्या कमरेमागच्या उशीकडे बघितलं.

"आठ वर्षांत मुलाने मला विचारलं नाही, आई, जेवलीस का. आणि नवऱ्याचा कोट मागतो. तो कोट अंगावर घालून माणूस माझ्या शेजारी बसलाय वीस वर्षं. तो कशाला जातोय त्याच्याबरोबर वर?" त्यांनी उशी नीट केली. "मी नाही कशी म्हणू त्याला? आई आहे. म्हटलं, तुमचं ऑफिस नाही म्हणेल. तू दारातच ओळखशील आणि आपण दोघी मिळून हसू, असं वाटलं होतं. तुझ्या हातात उशी दिली आणि तू म्हणालीस, टाके छान आलेत."

त्यांचे डोळे पुन्हा भरले. त्या दिवशीचं पाणी कोटासाठी नव्हतं, हे मला आज कळलं.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"कसं सांगणार? तुझ्याकडे तेवढंच होतं."

पडद्यावर चौघांची तोंडं दाखवत होते, काचेआड, फुगलेली. तो हात हलवत होता. मी म्हटलं, "पण तो पास झाला, आई. मी त्याला शून्य दिलं. हलका होऊन गेला."

"मी मोरीतून ऐकलं," सासूबाई म्हणाल्या. "सहा महिन्यांनी खाली येईल ना, तेव्हा बसव समोर आणि सांग त्याला, ते शून्य कसलं होतं." मग मला हाताला धरून उठवत म्हणाल्या, "दूध उतू जातंय. आजपासून वासाचं मी बघते. रागाचं तू बघ."

मी जाऊन शेगडी बंद केली.